परत आलेल्या पुस्तकाचा वाचक

"किल्ली कधी देणार, सर?"

मुजावर सरांनी कपातला उरलेला घोट संपवला. कप बशीत ठेवला. बशी टेबलाच्या कडेपासून थोडी आत सरकवली.

"अजून नाही."

"अजून म्हणजे कधी?"

"अजून म्हणजे अजून."

शर्वाणी दारातच उभी होती. सर बस म्हणाले होते, पण ती बसली नव्हती. बसलं की बोलणं लांबतं, आणि लांबलेलं बोलणं सर हळूच दुसरीकडे नेऊन सोडतात, हे तिला आता पाठ झालं होतं.

किल्ली म्हणजे काही लोखंडाची किल्ली नव्हे. विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा सगळा कारभार ज्या संगणकावर चालायचा, त्याचा मुख्य पासवर्ड. बाकीच्यांना आपापले पासवर्ड होते, पण ते आपापल्या खोलीपुरते. काउंटरवरच्याने पुस्तक द्यावं-घ्यावं, खरेदी विभागाने खरेदी पाहावी. सगळ्या खोल्यांतून फिरू शकणारा पासवर्ड एकच, आणि तो दस्तगीर मुजावर या माणसाच्या डोक्यात होता.

मुजावर सर तिथले ग्रंथपाल. अंगाने किडकिडीत, आणि आवाज एवढा हळू की समोरच्याने पुढे वाकावं. या माळावरच्या ग्रंथालयात संगणक आणला तो त्यांनीच. त्यावर चालणारी पुस्तकांच्या देवघेवीची व्यवस्थाही त्यांनीच स्वतः बसून बांधली. आता महिनाअखेरीस ते निवृत्त होणार होते. जाताना किल्ली कुणाच्या तरी हाती द्यायची होती. शर्वाणीच्या, नाहीतर पलीकडच्या इमारतीतल्या संगणक केंद्राच्या.

शर्वाणी लिगाडे ही ग्रंथालयाची तंत्रज्ञान ग्रंथपाल. हुशार होती, आणि आपण हुशार आहोत हे तिला माहीत होतं. किल्ली संगणक केंद्राकडे गेली, तर प्रत्येक लहानसहान गोष्टीसाठी तिला तिकडे अर्ज घेऊन जावं लागणार होतं. त्या विचारानेच तिची झोप उडाली होती.

"सर, तो काय मंत्र आहे का? कानात सांगणार आहात?"

"कानात सांगितलेलं माणूस विसरत नाही," सर म्हणाले. "तोच तर घोटाळा आहे."

"मी काय कमी केलंय ते तरी सांगा. प्रबंध सगळे पडद्यावर आणले. काउंटरवरची रांग मोडली. मुलं आता घरून पुस्तक राखून ठेवतात..."

"छान केलंस."

"मग?"

सर खिडकीकडे पाहत होते. माळावर वारं सुटलं होतं. वरच्या मजल्यावरचं कुठलंतरी दार आपटत होतं, थांबत होतं, पुन्हा आपटत होतं.

"ते दार कुणीतरी लावा रे," सर म्हणाले, एवढ्या हळू की ते बाहेर कुणालाच ऐकू गेलं नाही.

शर्वाणीच गेली आणि दार लावून आली.

*

तिला किल्ली हवी होती ती 'सोबती'साठी.

सोबती हा तिने स्वतः लिहिलेला प्रोग्राम. वाचकाने आपलं कार्ड यंत्रासमोर धरायचं. त्याने आजवर काय काय वाचलं ते सोबती पाहणार आणि पडद्यावर सांगणार, तुम्ही हे वाचलंत, आता हे वाचा. कुलगुरूंना कल्पना फार आवडली होती. पुढच्या आठवड्यात ते स्वतः उद्घाटनाला येणार होते.

अडचण एकच होती. ग्रंथालयाला वाचकाचं काहीच आठवत नव्हतं.

पुस्तक वाचकाकडे असेपर्यंत त्याचं नाव पुस्तकासमोर दिसे. पुस्तक परत आलं, काउंटरवर 'टीं' असा आवाज झाला की नाव पुसलं जाई. कायमचं. सरांनी व्यवस्था बांधतानाच तशी बांधली होती. ते पुसणं थांबवायचं, तर किल्ली लागत होती.

"सर, जगात कुणी असं पुसत नाही," दुसऱ्या दिवशी ती म्हणाली. या वेळी ती बसली होती, खुर्चीच्या अगदी टोकावर. "ही माहिती आहे. सोनं आहे. आपण ते रोज केरात टाकतोय."

सरांनी खण उघडला. आतून खिशासारखं शिवलेलं, कडा झिजलेलं एक पुठ्ठ्याचं तिकीट काढलं. मग शेल्फावरचं एक जुनं पुस्तक घेतलं. त्याच्या पाठच्या पानावर कागदी खिसा होता, त्यात पुस्तकाचं कार्ड.

"तू वाचक. हे तुझं तिकीट," ते म्हणाले आणि ते तिच्या हातात दिलं. "पुस्तक माग."

"सर..."

"माग की."

"हे पुस्तक द्या," शर्वाणी म्हणाली. तिला हसूही येत होतं आणि रागही.

सरांनी तिच्याकडून तिकीट घेतलं. पुस्तकातलं कार्ड काढून तिकिटाच्या खिशात सरकवलं. ती जोडी स्वतःसमोर ठेवली आणि पुस्तक तिला दिलं.

"वाचलंस?"

"वाचलं."

"मग परत कर."

तिने पुस्तक पुढे केलं. सरांनी जोडी सोडवली. कार्ड पुस्तकात गेलं. तिकीट तिच्या हातात आलं. सरांनी आपले दोन्ही तळवे तिच्यापुढे उघडे धरले.

"आता माझ्याकडे काय आहे?"

"काही नाही."

"हं."

ते पुन्हा आपल्या कागदांत गुंतले. शर्वाणी थोडा वेळ थांबली. पुढे काहीतरी येईल असं तिला वाटत होतं. काहीच आलं नाही.

"सर, हे जुनं झालं आता."

"झालं की."

"कागद होता म्हणून तसं होतं. जागा नव्हती. आता जागाच जागा आहे."

"...आहे खरी."

"मग किल्ली?"

"अजून नाही."

बाहेर काउंटरवर चौगुले मामा बसले होते. मामा म्हणजे तिथले जुने सहायक. तिचा चेहरा पाहून ते म्हणाले, "काय मॅडम, आज पण उपासच?"

"मामा, तुम्ही इतकी वर्षं त्यांच्याबरोबर कशी काढलीत?"

"मी कधी काही मागितलंच नाही ना," मामा म्हणाले. "मागणाऱ्याचे हाल असतात इथे."

*

मागून मिळत नाही म्हटल्यावर शर्वाणी शोधायला लागली.

दर शनिवारी ग्रंथालयाच्या सगळ्या माहितीची एक प्रत काढून कपाटात ठेवली जाई. आग लागली, यंत्र बिघडलं, तर असावी म्हणून. जुनी प्रत कधी फेकायची नाही, हाही सरांचाच नियम. प्रती काढायचं काम आता तिच्याकडे होतं.

डबा खाता खाता तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हातातला घास तसाच राहिला.

प्रत्येक शनिवारी कुठली पुस्तकं कुणाकडे होती, ते त्या त्या शनिवारच्या प्रतीत होतंच. पुस्तक सोमवारी परत आलं आणि नाव पुसलं, तरी प्रतीतलं नाव कोण पुसणार? सगळे शनिवार एकाखाली एक लावले की झालं. ग्रंथालय विसरलं होतं, पण कपाट विसरलं नव्हतं.

किल्लीची गरजच नव्हती.

तिने सगळे शनिवार एकत्र लावले. ते करताना तिचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. सोबती बोलू लागला.

सर त्या दिवशी बैठकीसाठी मुख्य इमारतीत गेले होते. शर्वाणीने वाचन कक्षातला मोठा पडदा सुरू केला. म्हटलं, कुलगुरूंसमोर फजिती नको. आधी आपल्याच माणसांत करून बघू.

पहिलं कार्ड चौगुले मामांचं. पडदा म्हणाला, 'तुम्ही हे वाचलंत. आता हे वाचा.' खाली आलं, गच्चीवर मधमाश्या कशा पाळाव्यात.

वाचन कक्षात हशा पिकला.

"मामा, मधमाश्या?"

"अहो, घरी सांगू नका कुणी," मामा खरंच घाबरून म्हणाले. "तिला वाटतंय मी गच्चीवर टोमॅटो लावणार आहे."

आणखी हशा. टेबलांवरची मुलं उठून पडद्याभोवती आली. माझं बघा, मॅडम, माझं. शर्वाणीचे कान गरम झाले होते. इतक्या दिवसांची तगमग आता कुठे सुटत होती.

खिडकीपाशी वैजयंता पिसाळ बसली होती. वनस्पतिशास्त्रात संशोधन करायची. रोज यायची, त्याच खुर्चीत बसायची आणि कुणाशी फारसं बोलायची नाही. संध्याकाळी तिचा नवरा मोटारसायकलवरून तिला न्यायला येई. एरवी तो खालीच थांबे. आज गलका ऐकून वर आला होता, हातात हेल्मेट.

"वैजयंताताई, या ना," शर्वाणीने हाक मारली. "तुम्ही आमच्या सगळ्यात जास्त वाचणाऱ्या."

"नको, राहू दे," वैजयंता म्हणाली. ती वह्या पिशवीत भरत होती.

"एका मिनिटाचं काम आहे."

"उशीर होतोय..."

"अगं, जा की," नवरा हसत म्हणाला. "परीक्षा थोडीच आहे?"

वैजयंता आली. कार्ड तिच्या गळ्यात होतं. तिने ते मुठीत धरलं होतं. शर्वाणीने हसत हसत ते तिच्या मुठीतून सोडवलं आणि यंत्रासमोर धरलं.

टीं.

'वैजयंता, तुम्ही हे वाचलंत. आता हे वाचा.'

घटस्फोटाचा कायदा. पोटगीचा अर्ज कसा करावा. एकटीने राहताना.

...

मोठ्या पडद्यावर अक्षरं फार मोठी दिसतात.

एका मुलाने उगाच आपली पिशवी उचलून दुसऱ्या खांद्यावर घेतली. चौगुले मामा खोकले. शर्वाणीचं बोट पडदा बंद करायचं बटण शोधत होतं आणि तिला ते सापडत नव्हतं.

नवऱ्याच्या चेहऱ्यावर मघाचंच हसू होतं, काढून ठेवायचं विसरल्यासारखं. त्याने तिन्ही ओळी वाचल्या. पुन्हा पहिल्या ओळीवर आला.

वैजयंता पडद्याकडे पाहतच नव्हती. ती शर्वाणीकडे पाहत होती. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"चल," नवरा म्हणाला.

ती गेली. कार्ड शर्वाणीच्याच हातात राहिलं.

*

दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी कुणी नव्हतं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नव्हतं.

शर्वाणी एका जागी बसेना. जिना चढायची, खिडकीकडे बघायची, जिना उतरायची. खाली मोटारसायकलचा आवाज आला की उठायची. मामांनी दिलेला चहा टेबलावर गार व्हायचा. सोबती तिने बंद केला होता. कुलगुरूंच्या कार्यालयाला कळवलं होतं, उद्घाटन होणार नाही. कारण विचारलं तेव्हा म्हणाली, तयार नाही. सोबती की आपण, हे तिचं तिलाच कळलं नाही.

शेवटी ती सरांच्या खोलीत गेली.

"सर, मला रागवा."

"कशाबद्दल?"

"तुम्हाला कळलं असेल."

"कळलं."

"मग रागवा ना."

"चहा घेणार?"

"सर!" तिचा आवाज चढला, आणि लगेच बसला. "ती बरी असेल ना? मी फोन करून विचारते. नंबर आहे आपल्याकडे."

"कुठे आहे?"

"यंत्रात..."

ती थांबली.

सर म्हणाले, "तिच्या मार्गदर्शक बाईंकडे मी जाऊन आलो. ती ठीक आहे. मी एवढंच विचारलं. बाईंनी एवढंच सांगितलं."

शर्वाणी खुर्चीत बसली. या वेळी पूर्ण बसली.

"मला एक समजत नाही," सर म्हणाले. "तुझ्याकडे किल्ली नव्हती. नावं तर पुसलेली होती. तुला सापडली कुठून?"

"कपाटातून."

"कुठल्या कपाटातून?"

"शनिवारच्या प्रतींतून. त्यात सगळी आहेत, सर. पहिल्या शनिवारपासून."

सरांनी चष्मा काढला. पुसला नाही. हातात धरून ठेवला.

"...सगळी?"

"सगळी. तुम्हाला माहीत नव्हतं?"

बाहेर वारं होतं. चौगुले मामा कुणाला तरी ओरडत होते, अहो, ओळखपत्र दाखवा आधी. सरांनी चष्मा टेबलावर ठेवला आणि ते आपल्या उघड्या तळव्यांकडे पाहत राहिले. शर्वाणीने त्यांना एवढं म्हातारं कधी पाहिलं नव्हतं.

"मला वाटत होतं, गेली," ते म्हणाले.

"नाही गेली, सर."

"मी लोकांना सांगत आलो. विश्वासाने या, आमच्याकडे काही उरत नाही..."

शर्वाणीला वाटलं, उठून त्यांना पाणी द्यावं. पण आपण आता हललो तर काहीतरी मोडेल असंही वाटलं.

"काढता येतील?" सरांनी विचारलं. गुरूने शिष्याला विचारावं तसं नव्हतं ते. आजाऱ्याने डॉक्टरांना विचारावं तसं होतं.

"येतील. मी त्यातून जे जमवलं, ते आधीच काढून टाकलंय. जुन्या प्रतीही काढू. यापुढे एकच प्रत ठेवायची. नवी आली की जुनी जाईल. आगीची भीती नको, आणि मागचं काही उरणारही नाही. पण जुनी प्रत जपायची हा नियम तुम्ही व्यवस्थेतच घालून ठेवलाय, तो बदलायचा तर..."

तिला 'किल्ली' हा शब्द उच्चारायची लाज वाटली.

सर उठले.

"बस इथे," ते म्हणाले.

"तुमच्या खुर्चीत?"

"उभ्याने टाइप करणार आहेस?"

ती त्यांच्या जागेवर बसली. सरांनी तिच्या खांद्यावरून वाकून आपला पासवर्ड टाकला. कुठेतरी आत गेले. पडद्यावर दोन रिकाम्या चौकटी आल्या. 'नवा पासवर्ड लिहा.' 'पुन्हा लिहा.'

"लिही," सर म्हणाले. आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"सर, तुम्हाला नको माहीत असायला?"

सरांनी पाठमोऱ्यानेच भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केलं.

"तुम्ही अजून महिनाअखेरपर्यंत आहात. काही लागलं तर?"

"...लिहिलास का?"

शर्वाणीने लिहिला. पुन्हा लिहिला. इतके दिवस तिला वाटत होतं, या क्षणी आपण हवेत तरंगू. तिचे हात गार पडले होते, बस्स.

"झाला, सर."

सर वळले. आता सगळ्या ग्रंथालयात त्यांना एकही दार उघडता येत नव्हतं. ते शर्वाणीच्या खुर्चीत बसले, पाहुण्यांच्या खुर्चीत, आणि म्हणाले, "आता चहा घे."

*

वैजयंताचा नवरा आला तेव्हा दोघं सरांच्याच खोलीत होते. जुन्या प्रतींचं काम संपलं होतं. त्याने दार वाजवलं. हेल्मेट हातातच होतं. दाढी वाढली होती.

"ग्रंथपाल आपणच ना?"

"मीच. या, बसा."

तो बसला नाही. "माझी पत्नी इथून काय काय पुस्तकं नेत होती, ते मला हवंय. तारखांसकट."

"ते माझ्या हातात नाही," सर म्हणाले. "किल्ली यांच्याकडे असते."

शर्वाणीने सरांकडे पाहिलं. सर चहात बिस्कीट बुडवत होते.

नवरा तिच्याकडे वळला. त्याने तिला ओळखलं.

"तुम्हीच होतात ना त्या दिवशी?"

"हो."

"मग द्या."

"परत आलेल्या पुस्तकाचा वाचक आमच्याकडे नसतो," शर्वाणी म्हणाली. वाक्य तिच्या तोंडात नवं होतं, नव्या चपलेसारखं.

"अहो, काय बोलता? सगळ्या पोरांसमोर भिंतीएवढं करून दाखवलंत. तेव्हा होतं ना?"

"तेव्हा होतं. आता नाही."

"गेलं कुठे?"

"मी काढलं."

"कुणाला विचारून?"

"त्या दिवशी दाखवलं ते कुणालाच विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "ती चूक माझी होती. तुम्हाला तक्रार करायची असेल तर करा. माझं नाव शर्वाणी लिगाडे. चूक झाली असं मी लिहून देईन. पण ते देणार नाही."

आता तो ओरडेल असं तिला वाटलं. तिने टेबलाची कड धरली.

तो ओरडला नाही. खुर्चीत बसला आणि हेल्मेट मांडीवर ठेवलं.

"दुसऱ्या दिवशी सकाळी गेली ती," तो म्हणाला. "बॅग घेऊन. माहेरी आहे. फोन घेत नाही. मी हात नाही उचलला हो तिच्यावर कधी. त्या रात्रीसुद्धा नाही. नुसता बसून राहिलो."

...

"यादी नको मला. एवढंच सांगा. कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"कधीपासून वाचत होती ती ते? आम्ही दिवाळीत दोघं कोकणात जाऊन आलो. तिथे हसत होती. फोटो आहेत. त्याच्या आधीपासून की नंतर? एवढं कळलं तरी मी... एवढंच."

शर्वाणीला माहीत होतं. जमवलेलं सगळं काढून टाकताना तिने ते नाव पाहिलं होतं, त्या पुस्तकांसमोरची पहिली तारीख पाहिली होती. तारीख तिच्या डोळ्यांपुढे अशी उभी होती की हात लांब केला तर बोटाला लागेल. एक शब्द पुरला असता. आधी. किंवा नंतर. त्याची झोप परत आली असती, किंवा कायमची गेली असती.

तिने सरांकडे पाहिलं. सर बिस्कीटच खात होते.

"ते तुम्ही त्यांनाच विचारा," ती म्हणाली.

"ती फोन घेत नाही म्हटलं ना."

"...मग त्या घेतील तेव्हा."

तो तिच्याकडे पाहत राहिला. हेल्मेट उचललं आणि गेला. जिन्यावर त्याची पावलं हळूहळू खाली गेली. बऱ्याच वेळाने मोटारसायकल सुरू झाली. पहिल्यांदा बंद पडली, मग सुरू झाली.

शर्वाणी उठली. खिडकीपाशी गेली, परत आली. पुन्हा गेली.

"सर, मी वाईट वागले का?"

सर कपातला तळाशी बसलेला बिस्किटाचा लगदा चमच्याने काढत होते.

"त्याला सांगितलं असतं तर?"

चमचा कपावर वाजला.

"सर, मी यंत्रातून काढलं. कपाटातून काढलं. शनिवार सगळे रिकामे केले." ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "पण ती तारीख माझ्या डोक्यात आहे. रात्री डोळे मिटले की दिसते. उद्या वैजयंता परत आली, त्या खुर्चीत बसली, तरी दिसणारच. ती कशी काढू?"

...

सरांनी कप बाजूला ठेवला.

"ती असू दे," ते म्हणाले. "सांगायची नाही. नोकरी तेवढीच आहे."